कपाळावरची राख

गेल्या वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता, आम्हा कॅथलिकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. पहाटेच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, तशीच धावत वसई रोडला लोकल पकडली. डब्यात आमच्या ग्रुपमधल्या काकू मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, कपाळाला काळं काय लागलंय?" आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

मी म्हटलं, "धूळ असेल." पुसून टाकलं.

अर्ध्या तासापूर्वी फादरांनी अंगठ्याने क्रूस काढत सांगितलं होतं, मातीची आहेस, मातीलाच मिळशील. ती माती काकूंच्या रुमालाला मिळाली.

याच काकू आषाढीला कपाळभर बुक्का लावून येतात. कुणी विचारायची वाट न बघता पंढरपूरच्या गोष्टी सांगतात, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटतात. त्या आम्हाला वारकरी करायला निघाल्यात असं डब्यात कुणाच्या मनातही येत नाही. मग माझंच काय अडलं होतं?

भीती होती, खोटं कशाला बोलू. हल्ली 'ख्रिस्ती' आणि 'प्रसार' हे शब्द शेजारी आले की पुढचा 'धर्मांतर' लोक स्वतःच भरतात. घटनेच्या २५व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलंय. मला दोन्ही मान्य. बळजबरी आणि आमिष चर्चलाही मान्य नाही, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ सालीच ते लिहून ठेवलंय.

पण भीती हे अर्धंच कारण. मला उत्तरच येत नव्हतं! धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं घडाघडा पाठ होती, पण विचारणारे आणि सांगणारे दोघेही कॅथलिक. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करतात, हे माहीत. ती मी कपाळाला का लावून घेते, हे मेथी निवडणाऱ्या बाईला साध्या मराठीत सांगायची वेळच कधी आली नव्हती. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर बायबलचं वचन येतं, खाली चाळीस जोडलेले हात. सगळे एकाच धर्मग्रामातले, म्हणजे एकाच चर्चचे. याला आम्ही सुवार्ताप्रसार म्हणतो, म्हणजे ख्रिस्ताचा निरोप इतरांपर्यंत पोचवणं.

मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. तिथल्या नवख्रिस्ती लोकांचं गाऱ्हाणं होतं, आमची पुराणं बंद केलीत, आता वाचायचं काय? (पुराणं बंद करणाऱ्यांचं मी समर्थन करत नाहीये, तो वेगळा आणि कडू विषय आहे.) उत्तर म्हणून त्या इंग्रज माणसाने मराठी शिकून दहा हजारांवर ओव्या रचल्या. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. आणि मी, वसईत जन्मलेली, मराठीत शिकलेली, म्हणते काय, तर "धूळ असेल."

यंदा १८ फेब्रुवारीला राख तशीच ठेवून डब्यात चढले.

"परत लागलं का गं?"

"लावून घेतलंय, काकू. आजपासून आमचा उपवासकाळ. एक दिवस मातीत जायचंय, तोवर जरा माणसासारखं वागावं, याची आठवण."

"म्हणजे आमच्या बुक्क्यासारखं?"

"थोडं तसंच. पण बुक्का आनंदाचा, ही पश्चात्तापाची."

काकूंनी मान हलवली, दोन जुड्या निवडून झाल्या. मग म्हणाल्या, "मग गेल्या वर्षी पुसलीस कशाला?"

भाईंदरची खाडी मागे पडली तरी मला काही सुचलं नव्हतं.