एसी वीसवर की चोवीसवर, आणि शहराचं काय?

२०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर म्हणाले की नवीन एसी २० अंशांच्या खाली थंड करणार नाहीत आणि २८ च्या वर गरम करणार नाहीत असा नियम आणायचा विचार आहे, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. एक पार्टी म्हणे माझं बिल मी भरतो, सरकारने माझ्या बेडरूममध्ये नाक का खुपसावं, दुसरी म्हणे चोवीसला काय मरतोय का कोणी, तिसरी नेहमीप्रमाणे मंत्रालयात एसी कितीवर असतो ते विचारा म्हणून सुटली. मग कोणीतरी मला टॅग केलं, तुमच्याकडे डेन्मार्कमध्ये कसं असतं रे. तिथे दोन ओळीत उत्तर जमलं नाही म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितोय. बाहेर बसून शहाणपणा शिकवणाऱ्यांचा मलाही राग येतो, त्यामुळे वाचताना हवं तिथे शिव्या घाला.

तर कोपनहेगनमध्ये माझ्या घरात गरम करायचं मशीनच नाही. गीझर नाही, बॉयलर नाही, हीटर नाही. बिल्डिंगच्या तळघरात रस्त्याखालून दोन जाड, इन्सुलेशन गुंडाळलेले पाइप येतात, एकातून गरम पाणी आत येतं, दुसऱ्यातून गार होऊन परत जातं, मध्ये एक हीट एक्स्चेंजर (या पाण्याची उष्णता बिल्डिंगच्या पाण्याला देणारं यंत्र) आणि एक मीटर, संपला विषय. त्यावर अख्खी बिल्डिंग गरम राहते आणि अंघोळीचं पाणीही त्यावरच तापतं. शहरातली जवळपास सगळी घरं अशीच, आणि देशाचा हिशोब केला तर साधारण दोन तृतीयांश. पाणी तापतं कुठे तर वीज केंद्रात, कचरा जाळायच्या प्लांटमध्ये, आता हळूहळू मोठाल्या हीट पंपांवर, म्हणजे हवेतली किंवा पाण्यातली उष्णता विजेवर खेचून घेणाऱ्या यंत्रांवर. साध्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी पस्तीस-चाळीस टक्क्यांचीच वीज होते आणि बाकीची उष्णता समुद्रात नाहीतर कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, इथे तीच पाइपात घालून विकतात, त्यामुळे इंधनाचा वापर पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातो.

आता त्या मीटरची गंमत सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर त्याने. त्यावर आत येणाऱ्या पाण्याचं तापमान दिसतं आणि परत जाणाऱ्याचंही. पाणी तुम्ही नीट गार न करता परत पाठवलं तर कंपनी जादा आकार लावते! म्हणजे उष्णता वापरली नाहीत म्हणून दंड. इथे नवीन आलेला माणूस हमखास तक्रार करतो की रेडिएटर (खोली गरम करणारं, आतून गरम पाणी फिरणारं पॅनेल) वरून गरम आणि खालून गार लागतोय, बिघडलाय. बिघडलेला नसतो, तो तसाच असायला हवा. सोसायटीचा अध्यक्ष थंडी सुरू झाली की चिठ्ठी लावतो, एकच रेडिएटर फुल्ल उघडू नका, खोलीतले सगळे थोडे थोडे उघडा. कारण पाणी जितकं गार होऊन परत जाईल तितकं केंद्रावर जास्त उष्णता त्यात भरता येते, तितकं कमी पाणी फिरवावं लागतं आणि वाटेत उष्णतेची गळतीही कमी. म्हणजे माझ्या खोलीतला व्हॉल्व्ह आणि शहराबाहेरचं केंद्र ही एकच यंत्रणा आहे आणि बिल मला त्याची दर वेळी आठवण करून देतं. आपल्याकडचं वीजबिल मला फक्त सांगतं की स्लॅब बदलला.

हे सगळं युरोपियन लोक जात्याच शिस्तीचे म्हणून झालं असं ज्यांना वाटतं त्यांना १९७३ ची आठवण करून द्यायला पाहिजे. तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेलावर होती, तीही आयात. तेलाचं संकट आलं तेव्हा रविवारी गाड्या चालवायला बंदी घालावी लागली. पाइप तेव्हाही होते, कोपनहेगनला लागूनच असलेल्या फ्रेडरिक्सबर्गला कचरा जाळून त्याची उष्णता वापरायला १९०३ मध्येच सुरुवात झाली होती, पण देशभर पसरलं ते १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्याने. त्या कायद्याने काय केलं तर पालिकांना नकाशे काढायला लावले. या भागात घरं दाट आहेत, इथे पाइपातलं गरम पाणी, त्या भागात नॅचरल गॅस, तिकडे विरळ वस्ती, तिथे ज्याचं त्याने बघावं. १९८८ मध्ये तर जिथे पाइप आहे तिथे नवीन घरांना विजेचे हीटर बसवायलाच मनाई केली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उष्णता विकून नफा कमवायचा नाही. खर्च तितका दर. मक्तेदारी आहे, पण हिशोब उघडा असलेली मक्तेदारी. यातलं टेक्नॉलॉजी म्हणावं असं फार थोडं आहे. अमुक गल्लीत अमुक व्यवस्था असं ठरवायचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो रस्ता व्हायच्या आधी वापरला जातो का, सगळा खेळ तिथे आहे.

लगेच इथल्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. कोळसा सोडून कोपनहेगनने लाकूड जाळायला घेतलं, त्यातलं बरंच बाहेरून येतं, आणि कागदावर ते कार्बनशून्य धरलं जातं, ज्यावर इथेच भरपूर भांडणं आहेत (माझ्या मते ती रास्त आहेत). २०२५ पर्यंत शहर कार्बन न्यूट्रल करणार अशी घोषणा होती, ती २०२२ मध्येच गुंडाळावी लागली कारण कचरा प्लांटवर कार्बन पकडायच्या प्रकल्पाला पैसे मिळाले नाहीत. युक्रेन युद्धानंतर गॅस भडकला तेव्हा गॅसवाल्या घरांना तुमच्याकडे पाइप येणार की नाही ते कळवा असं पालिकांना सांगितलं गेलं, कळवलंही, आणि मग खर्च वाढला, पुरेशी घरं तयार होईनात म्हणून काही ठिकाणी योजना बारगळल्या. हे सगळीकडे असतंच. फक्त इथे भांडण नकाशावर होतं, रिमोटवर नाही.

आता घरचं. आपल्याला गरम नको, गार हवंय. केंद्र सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनचा अंदाज असा की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची कूलिंगची मागणी आठपट होईल. मे २०२४ च्या शेवटी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर गेली, आणि तेव्हा बहुतेक घरात एसी नव्हताच. मग आपण चर्चा कशावर करतो? स्टार किती, रिमोट कितीवर, स्मार्ट मीटर बसवू द्यायचा की नाही, सोलरची सबसिडी कधी येणार. सगळे प्रश्न खरे आहेत, स्मार्ट मीटरला विरोध करणाऱ्यांचा संशय तर मला पटतोही, पण सगळे एका घराच्या आत सुरू होऊन आतच संपतात.

पुण्या-मुंबईतले नवे टॉवर बघा, मागच्या बाजूला एसीच्या आउटडोअर युनिटसाठी डक्ट, म्हणजे उभी अरुंद पोकळी, असतो, प्रत्येक मजल्यावर एक कठडा आणि त्यावर तीन-चार युनिट. दुसऱ्या मजल्याचं युनिट गरम हवा सोडतं, ती वर चढते, पाचव्याचं तीच ओढून अजून गरम करून सोडतं, आणि पंधराव्या मजल्यावरच्या माणसाने पाच स्टार एसी घेतला तरी त्याचं मशीन बाहेरच्या उन्हात नाही तर खालच्या चौदा मजल्यांच्या उच्छ्वासात काम करतं. स्टार प्रयोगशाळेत मिळतात, डक्टमध्ये नाही! आणि बाहेर पश्चिमेला काच, कारण ब्रोशरमध्ये छान दिसते. हे सगळं प्लॅन पास होताना ठरतं. रिमोटचा वाद त्यानंतर सहा वर्षांनी सुरू होतो.

पाइपातून थंड पाणी द्यायची सोय जगात नवीन नाही. पॅरिसमध्ये सेन नदीच्या पाण्याची मदत घेऊन लूव्ह्र म्युझियम गार ठेवतात, कोपनहेगनमध्येही समुद्राच्या पाण्यावर ऑफिसं, हॉटेलं गार करणारं जाळं आहे. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आहेच. आणि ठाणे, पुणे धरून काही शहरांचा असा अभ्यास संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आपल्या ईईएसएल या ऊर्जाबचतीचं काम करणाऱ्या सरकारी कंपनीबरोबर केलाय, हे किती जणांना माहितीये? एका ठिकाणी मोठे चिलर (पाणी गार करणारी यंत्रं) ठेवले की फायदा नुसता मशीनचा नाही. ऑफिसला गारवा दुपारी लागतो, घरांना रात्री, मॉलला संध्याकाळी, सगळ्यांची सर्वात जास्त मागणी एका वेळी येत नाही, त्यामुळे प्रत्येकाने वेगवेगळी घेतली असती त्याहून बरीच कमी क्षमता पुरते. वर मोठी टाकी बांधली तर दुपारी सोलर भरपूर असताना पाणी गार करून ठेवायचं आणि सूर्य गेल्यावर, जेव्हा ग्रिडची खरी दमछाक होते, तेव्हा ते वापरायचं. दिवसा वीज स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळी महाग हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमात आलंच आहे, त्याचा खरा फायदा टाकीवाल्याला होईल. घराच्या छतावर सोलर बसवायची सूर्यघर योजना चांगलीच आहे, पण वीस मजल्यांच्या टॉवरमध्ये एका फ्लॅटच्या वाट्याला गच्ची येते किती, एक चटई. गंमत म्हणजे टाकाऊ उष्णतेवर चालणारे ॲब्सॉर्प्शन चिलर पुण्याची थरमॅक्स कधीपासून बनवते, आणि २०१० मध्ये तिने डॅनस्टोकर नावाची डेन्मार्कची बॉयलर कंपनी विकतही घेतली. म्हणजे ज्ञान बाहेरून आणायचंय अशातला भागच नाही.

आता मित्र लगेच म्हणतील, हे श्रीमंतांचे लाड आहेत. अर्धं बरोबर आहे. पत्र्याखाली राहणाऱ्याला थंड पाण्याच्या पाइपाचा काडीचा उपयोग नाही, त्याला छतावर पांढरा लेप, वारा आणि सावली पाहिजे, आणि ते आधी व्हायला पाहिजे. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरण आणलं, अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा कृती आराखडा चालवलाय, यात मोठा खर्च नाही. घरांच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा इको निवास संहितेत (घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमावलीत) २०१८ पासून लिहिलेली आहे, चौरस मीटरला १५ वॅट, अनेक राज्यांनी ती सक्तीने लावायची बाकी आहे. आधी गरज कमी, मग पाइप, हा क्रम सोडला तर काचेच्या टॉवरला सरकारी खर्चाने गार करत बसू. पण जिथे ऑफिसं, हॉस्पिटलं, डेटा सेंटर आणि दाट टॉवर एकमेकांना चिकटून उठणार आहेत तिथे प्रत्येकाने आपापली युनिटं लटकवणं हाही लाडच आहे, फक्त त्याचं बिल ग्रिडवर आणि डक्टमधल्या वरच्या मजल्यांवर फाटतं.

खरी भीती मला दुसरी वाटते, ती म्हणजे एका कंपनीला पंचवीस वर्षांचा ठेका, रहिवाशाला बाहेर पडायचा मार्ग नाही आणि वापर असो नसो दर महिन्याचा स्थिर आकार. आखाती शहरांत राहणारे आपलेच लोक या आकारावर वैतागलेले असतात, त्यांना विचारा. डेन्मार्कमध्ये नफाबंदी आणि उघडे हिशोब आहेत म्हणून मक्तेदारी सहन होते. वीज नियामक आयोग जसा विजेचा दर ठरवतो तसा थंड पाण्याचा दर ठरवणारं कोणी असल्याशिवाय मी तरी सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.

अटल सेतूच्या पलीकडे तिसरी मुंबई उभी करायच्या गोष्टी चालल्यात, पुण्याभोवती टाउन प्लॅनिंग स्कीम होतायत, जुन्या सोसायट्यांचा रीडेव्हलपमेंट तर गल्लोगल्ली. अशा आराखड्यात शाळेला आरक्षण असतं, बागेला असतं, फायर ब्रिगेडला असतं, सबस्टेशनलाही असतं. हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपण बहुतेक वेळा स्वतःच्या प्लॉटवरचं आरक्षण काढा एवढंच लिहितो. पुढच्या वेळी एक जादा सूचना घाला: दाट भागात कूलिंग प्लांट आणि टाकीसाठी सबस्टेशनशेजारी जागा राखून ठेवा, रस्ता होतानाच खाली दोन पाइप जातील एवढी रिकामी डक्ट सोडा, आणि त्या भागातल्या मोठ्या इमारतींचा प्लॅन पास करताना पाइप जोडायची सोय दाखवायला लावा. मसुदा इंग्रजीत हवा असेल तर ग्रुपवर सांगा, मी टाइप करून पाठवतो.