२२ डिसेंबरपासून लवकर उजाडतं? नाही हो

फॉरवर्ड फिरतोय की २१ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून सकाळ लवकर व्हायला लागते, म्हणून अलार्म रोज थोडा थोडा अलीकडे घ्या, एनर्जी आपोआप येते. पहिला भाग बरोबर आहे, उत्तर गोलार्धात दिवस २१-२२ डिसेंबरलाच सगळ्यात लहान असतो. पण सूर्योदय त्यानंतरही उशिराच होत जातो! ४० अंश अक्षांशावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि २० अंशाच्या आसपास तर पार जानेवारीच्या मध्यापर्यंत. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने, कारण सूर्यास्त आधीपासूनच पुढे सरकायला लागलेला असतो. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य डोक्यावर येण्याची वेळच रोज साधारण अर्धा मिनिट उशिरा होत जाते आणि तिच्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्तही पुढे सरकतात, एवढंच.

म्हणजे फॉरवर्ड वाचून जानेवारीत अलार्म लवकरचा लावलात तर आणखी अंधारात उठाल, आणि मग मीच आळशी म्हणून स्वतःला कोसत बसाल. शरीराचं घड्याळ मुख्यतः सकाळच्या उजेडावर सेट होतं, आणि घरातला ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) तर बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत, त्यामुळे उठायची वेळ आहे तीच ठेवा आणि उजाडल्यावर थोडा वेळ बाहेर जाऊन या. फिरायला संध्याकाळी जाणाऱ्यांनी मात्र वेळ खुशाल पुढे ढकलावी, त्यांना डिसेंबरापासूनच जास्त उजेड मिळायला लागतो.