पाणचक्की सहलीतून का काढली?

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

लेकीच्या शाळेची सहल ठरली. नगरपालिकेची शाळा, सातवीचा वर्ग. सकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईंनी यादी टाकली: दौलताबादचा किल्ला, वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती आणि पाणचक्की, म्हणजे औरंगाबाद शहरातली पाण्यावर फिरणारी जुनी चक्की. थोड्या वेळाने एका पालकांनी लिहिलं, 'पाणचक्कीत दर्गा आहे, मुलांना तिथं कशाला नेताय? शाळेत धर्म नको.' त्यावर धडाधड अंगठे. दुपारी सुधारित यादी आली. पाणचक्की गायब. घृष्णेश्वर आणि भद्रा मारुती जागच्या जागी.

घृष्णेश्वराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ आहे, मुलांनी बघायलाच हवं. पण मग 'शाळेत धर्म नको' हे कुठल्या तोंडाने म्हणता? आणि वेरूळला काय आहे? १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. तीन धर्मांच्या प्रार्थनास्थळांतून पोरं दिवसभर फिरणार, ते चालतं. मग एक दर्गा तेवढा का टोचतो?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. मशीद शाळेच्या मागच्याच गल्लीत होती, पण आमच्यापैकी बहुतेकांनी ती आतून कधी पाहिली नव्हती. गुरुजी भूगोल शिकवत होते. सूर्यास्ताची वेळ रोज बदलते, हे काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना. एके दिवशी त्यांनी घरी चिठ्ठ्या पाठवल्या, परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला रांगेने मशिदीत नेलं. चपला बाहेर, हातपाय धुऊन आत. भिंतीवर एक लाकडी फळा होता आणि त्यावर ओळीने घड्याळाच्या तबकड्या. प्रत्येकीत वेगळी वेळ, आणि एकही चालत नव्हती. आम्हाला वाटलं सगळी बंद पडलीत. बांग देणारे चाचा म्हणाले, "ही नमाजच्या वेळांची आहेत पोरांनो. काटे मी हातानं लावतो. मगरिबचा तर सारखा सरकवावा लागतो, दिवस बुडला की ती नमाज." मग त्यांनी आमच्यातल्या एकीला स्टुलावर चढवून काटा सरकवायला दिला. भूगोलाचा तो धडा मी आजतागायत विसरलेले नाही.

आमची आजी रोज संध्याकाळी म्हणायची, "बांग झाली गं, दिवा लाव." लहानपणापासून ऐकत होते. तिची दिवेलागण आणि चाचांची मगरिब एकाच मावळत्या सूर्यावर चालते, हे त्या दिवशी लक्षात आलं. एवढं शिकवायला गुरुजींना एकही भाषण द्यावं लागलं नाही.

पाणचक्कीतही हेच शिकता आलं असतं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरात आणलं, उंचावरून पाडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी तिथे पीठ दळलं जायचं. सातवीच्या विज्ञानाला याहून चांगलं काय दाखवणार? पण नाही, दर्गा आहे ना!

कुणीतरी घटना पण काढली ग्रुपवर. मग नीट वाचा. कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. म्हणजे अमुक देवाला मान, अमुक धर्म पाळ, असं शिकवायचं नाही. शेजारी काय मानतो हे कळू देऊ नका, असं कुठे लिहिलंय? २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांची माहिती देणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांत फरक केला आहे.

हो, एक मान्य. मुलांना हात जोडायला, नमाजाला बसायला, प्रसाद खायला भाग पाडलं तर मीच पहिली भांडायला जाईन. देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये, कुठेही. ज्या पालकांना नको असेल त्यांच्या मुलांना मागे थांबायची मोकळीक हवी, आणि त्यावरून मुलाला कुणी चिडवता कामा नये. आणि जिथे मुलींना उंबऱ्याबाहेर थांबवतात तिथे सरकारी शाळेने पाऊलही टाकू नये. शनि शिंगणापूरचा चौथरा आणि हाजी अलीचा मजारीचा भाग, दोन्हींसाठी बायकांना २०१६ पर्यंत झगडावं लागलं. तेव्हा नियम सगळ्यांना एकच लावा.

मला खरी भीती वेगळीच आहे. माझी लेक मशिदीत गेली नाही तर मशिदीबद्दल तिला काहीच कळणार नाही, असं थोडंच आहे? कळेलच. फोनवर येणाऱ्या व्हिडिओंमधून कळेल, शिव्यांसकट. मला चाचा भेटले होते. तिला कोण भेटणार?

बाईंवर माझा राग नाही. चाळीस घरांचे फोन घेत त्या एकट्या उभ्या आहेत, मागे कुणी नाही. आमच्या गुरुजींच्या मागे गाव होतं, म्हणून त्यांना जमलं.

तर उद्या शाळा भरायच्या वेळी मी बाईंना भेटायला जाणार आहे. पाणचक्की यादीत परत घ्या आणि प्रत्येक ठिकाणासाठी, देवळांसाठीसुद्धा, वेगळं संमतीपत्र घ्या, एवढंच मागणार आहे. दुपारपासून ज्यांनी मला खासगीत 'तुझं बरोबर आहे' म्हणून कळवलं, त्यांनी उद्या फाटकाशी या. ग्रुपवर लिहायची हिंमत नसेल तर नका लिहू, पण सोबत उभे राहा.