सॉकेटमध्ये पाईप हलतो, म्हणून तिरका चालतो?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या फिटर मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘सॉकेट वेल्डला पाईप ३ अंशांपर्यंत तिरका चालतो, कोडमध्येच सूट आहे. उरलेलं वेल्डिंग ओढून घेतं. हायड्रो पास झाली की विषय संपला.’ (सॉकेट वेल्ड म्हणजे एल्बोसारख्या फिटिंगच्या खोलगट तोंडात, सॉकेटमध्ये, पाईप खोचून बाहेरून कडेने मारलेला वेल्ड. हायड्रो म्हणजे लाईनमध्ये दाबाने पाणी भरून केलेली चाचणी.)

आधी कोड. एएसएमई बी१६.११ मध्ये, म्हणजे अशा फिटिंगच्या अमेरिकन मानकात, अक्षांबद्दल आकडा आहे, पण तो १ मीटरला ५ मिमी. अंशांत मोजलात तर ०.३ सुद्धा भरत नाही. आणि तो फिटिंग बनवणाऱ्यासाठी आहे: फिटिंगचं भोक आणि सॉकेटचं भोक एका रेषेत किती हवं, एवढंच सांगतो. साइटवर पाईप कसा खोचायचा, हे त्यात नाही. पाइपिंगचा कोड बी३१.३ तर घातक ताण येईल अशा रीतीने पाईप ओढूनताणून जुळवायलाच मनाई करतो.

मग ३ अंश आले कुठून? माझा अंदाज, हाताने हलवून बघण्यातून. १ इंची पाईपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, सॉकेटची खोली किमान १२.५. तळाशी अर्धा सूत, म्हणजे १.६ मिमी, गॅप सोडला की पाईप आत उरतो जेमतेम ११ मिमी. एवढ्याशा पकडीत अर्धा मिलिमीटर ढिलाईसुद्धा पाईपला अडीच अंश डोलवते. पण ही ढिलाई पाईप आत सरकावा म्हणून ठेवलेली. ती तिरकेपणात खर्च केलीत, तर पाईपच्या तोंडाची एक कड दुसरीपेक्षा दीड मिलिमीटर पुढे जाते. एकीकडे गॅप मस्त दिसतो, दुसरीकडे पाईप जवळजवळ तळाला टेकलेला. वेल्ड करताना पाईप तापून लांबला की त्याला तिथे जागाच नाही, ताण येतो फिलेटच्या (कोपऱ्यातल्या वेल्डच्या) रूटवर, म्हणजे मुळाशी. आणि ३ अंशच धरले, तर ६ मीटर पाईपचं दुसरं टोक ३१४ मिमी बाजूला. सपोर्ट कुठे लावणार?

वेल्डिंग ओढतं, हे खरं. पण जिकडे आधी भरलं, तिकडे. तुर्भ्याच्या एका शॉपमध्ये नवा वेल्डर एकाच बाजूने सलग फिरला. सकाळी गुण्यात (काटकोनात) असलेला एल्बो जेवणाच्या सुट्टीपर्यंत गुण्यातून गेला. आधी समोरासमोर चार टॅक (पाईप धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारायला पाच मिनिटं लागली असती.

हायड्रो त्या दिवशीची गळती पकडते, बस. पंपाजवळची छोटी लाईन रोज थरथरते, तिथली चीर रूटपासून हळूहळू वाढते. चाचणीच्या दिवशी ती नसतेच.

मी स्वतः ३०० मिमीच्या पट्टीला दीड मिमीपर्यंतचा तिरकेपणा चालवून घेतो, बी१६.११ च्याच प्रमाणात. क्लायंटचं स्पेक त्याहून कडक असेल तर ते. फरक जास्त निघाला की ग्राइंडरने टॅक काढून पुन्हा फिट-अप (जुळणी). हातोडी नाही.