गाडी आली म्हणे, पण दार कुठंय?

परवा टॅक्सी बोलावली. फोन म्हणाला, गाडी पोहोचली. पांढरी काठी पुढे करत गेलो, हँडल चाचपलं, दार उघडलं, तर आतून एक बाई किंचाळल्या. गाडी दुसऱ्याच कुणाची! तेवढ्यात मागून हाक आली, "साहेब, इकडे, इकडे."

विनाचालक गाडीत ही हाक कोण मारणार?

लोक कौतुकाने सांगतात, 'आता तुमचे दिवस आले, गाडी आपली आपण चालेल.' चालेल की! २०१५ सालीच स्टीव्ह मॅहन हे दृष्टिहीन गृहस्थ अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या रस्त्यांवर गूगलच्या गाडीतून एकटे फिरून आले. तिला ना स्टिअरिंग, ना पेडल. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने नियमांचा जो मसुदा काढला, त्यात गाडीत लायसन्सवाला माणूस हवाच अशी अट होती. म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात जास्त, तेच बाहेर. पुढे ती अट गेली, हे बरं झालं.

खरी अडचण पहिल्या आणि शेवटच्या वीस पावलांची आहे. वेमो या विनाचालक टॅक्सीवाल्या कंपनीच्या गाडीच्या टपावर प्रवाशाची आद्याक्षरं झळकतात. झळकू देत बापडी. मला उपयोगाची सोय वेगळीच, ॲपमधून गाडीचा हॉर्न वाजवता येतो. पण दहा हॉर्नांमध्ये माझा कुठला? वेगळी धून हवी, आणि ती बॉनेटमधून नको, दारापाशी वाजायला हवी.

आत बसल्यावर पुढची कथा. गाडी मध्येच थांबली तर सिग्नल लागलाय की बिघाड झालाय? डोळस माणूस काचेतून बघतो. मला गाडीनेच सांगायला हवं. आणि मदतीचं बटण गुळगुळीत स्क्रीनवर नको, बोटाला लागेल असं, ब्रेल कोरलेलं हवं.

ड्रायव्हर नसण्याचे फायदेही आहेत, नाही कशाला म्हणू? 'जन्मापासूनच का हो?' हा प्रश्न कोणी विचारणार नाही. मार्गदर्शक कुत्रा बघून कोणी गाडी पुढे दामटणार नाही.

पण परवाचा तो ड्रायव्हर. उतरताना म्हणाला, "समोर खड्डा आहे, जरा उजवीकडून. फाटक दहा पावलांवर." मी निघालो. मागे इंजिन तसंच घुरघुरत होतं. काठी फाटकाच्या लोखंडावर टणकन वाजली, तेव्हा कुठे त्याने गिअर टाकला.