८८ सेंटचं घर

रविवारी घरी व्हिडिओ कॉल लावला की प्रार्थना संपता संपता काका आणि वहिनींची जुंपते. आम्ही प्रोटेस्टंट, वहिनी माहेरच्या कॅथलिक. या वेळी विषय दुखरा होता. नात्यातले एक गृहस्थ वारले. आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा केली, पण उपासनेला क्वचितच दिसले. काका म्हणाले, "चांगल्या कामांनी तारण होत नाही. बायबलमध्ये इफिसकरांस पत्रात पौलानं स्वच्छ लिहिलंय." वहिनी म्हणाल्या, "काका, क्रियांवाचून विश्वास निर्जीव, असं त्याच बायबलमधल्या पत्रात याकोबही लिहून गेलाय." मग काका माझ्याकडे वळले. "तू जर्मनीत ऑग्सबुर्गला राहतोस. तिथं या वादाचा निकाल लागला म्हणतात ना? सांग तुझ्या वहिनीला."

निकाल लागलाय, पण काकांना हवा तसा नाही. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट ॲनाचं चर्च आहे. १५१८ च्या ऑक्टोबरात पोपच्या वतीनं आलेल्या कार्डिनल कायेतानसमोर जबाब द्यायला आलेला धर्मसुधारक मार्टिन लूथर तिथल्याच मठात उतरला होता. त्याच चर्चमध्ये ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, या शिकवणीवरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचं सार असं : देव आपल्याला केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं स्वीकारतो, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे; आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी उभं करते. सोळाव्या शतकात दोन्ही बाजूंनी काढलेले निषेध या शिकवणीला लागू होत नाहीत, हेही त्यात मान्य केलंय. पुढे मेथडिस्ट आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही आल्या. ज्या मुद्द्यावर युरोप फाटला, त्यावर मंडळ्या इतक्या जवळ आल्या आणि आमच्या घरात मात्र अजून १५१८ चालू आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

पण खरं सांगायचं तर हा प्रश्न मला घोषणापत्रापेक्षा फुगराईत जास्त उमगला. याकोब फुगर या सावकारानं १५२१ च्या दानपत्रानं गरिबांसाठी उभारलेली ही वसाहत. वर्षाचं मूळ भाडं आजही ८८ सेंट. अट एवढी की राहणारा गरजू, ऑग्सबुर्गचा आणि कॅथलिक असावा, आणि त्यानं रोज प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणून फुगर घराण्याच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करावी. पापक्षमापत्रांच्या ज्या विक्रीवर लूथर पेटून उठला, तिचा निम्मा पैसा एका आर्चबिशपचं कर्ज फेडायला याच फुगरच्या पेढीत जात होता. म्हणजे आपल्या आत्म्याची सोय करू पाहणाऱ्या माणसाचं हे काम.

तिथे एका सकाळी एक आजी उंबरठा झाडून दारावरची घंटा ओढायची पितळी मूठ फडक्यानं पुसत होत्या. प्रत्येक दाराची मूठ वेगळ्या आकाराची, अंधारात हाताला आपलं दार कळावं म्हणून. मी पाहत उभा राहिलो. ८८ सेंटांत घर विकत मिळत नसतं. उंबरठा झाडला म्हणून आजींना घर मिळालेलं नव्हतं. घर मिळालंय, आपलं आहे, म्हणून त्या झाडत होत्या. फुगरच्या अटी पाहता दाखला अपुरा आहे, कारण देवाच्या कृपेला अशी अट नाही. पण आधी कृपा, मग कृत्यं, हा क्रम मला त्या फडक्यानं शिकवला.

आपल्या मराठी शास्त्रात पौल 'कर्मे' म्हणतो, याकोब 'क्रिया'. मूळ ग्रीकमध्ये दोघांचा शब्द एकच, एर्गॉन. दोघं उदाहरणही एकाच माणसाचं देतात, अब्राहामाचं. पौल उत्पत्तीच्या पुस्तकाचा १५ वा अध्याय दाखवतो : अब्राहामानं विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. याकोब तेच वचन घेतो, पण बोट ठेवतो इसहाकाच्या अर्पणावर, म्हणजे २२ व्या अध्यायावर. लूथरनं १५२२ च्या भाषांतरात पौलाच्या रोमकरांस ३:२८ मध्ये 'विश्वासानं'च्या जोडीला 'केवळ' हा शब्द घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं. लूथरवर माझं प्रेम आहे, पण इथे तो चुकला असं मला वाटतं. उघड्या, उपाशी भावाला 'ऊब घे, तृप्त हो' म्हणून रिकाम्या हातानं वाटेला लावणाऱ्याला याकोब धारेवर धरतो. ते वाक्य मंडळीत रोज कानावर पडायला हवं.

आमच्या घरातली चूक मला इथे दिसते. पौलानं हे लिहिलं ते कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून, आणि काका तेच वचन एका मेलेल्या माणसाला मोजायला वापरतात. वहिनी त्याच माणसाच्या सेवेचा हिशेब मांडून त्यांना उत्तर देतात. त्या गृहस्थांच्या अंतःकरणात काय होतं, ते आजाऱ्याच्या उशाशी बसून काय प्रार्थना करत होते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नाही.

काकांना मी एवढंच विचारलं, की इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढाल का. त्यांनी आठवं आणि नववं वचन पाठ म्हणून दाखवलं. मी म्हटलं, दहावं वाचा. चष्मा शोधायला वेळ लागला. मग त्यांनी वाचलं, की आपण ख्रिस्त येशूमध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत, आणि ती देवानं आधीच योजून ठेवली आहेत. वहिनींनी ते वचन पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.