बारावीनंतर समाजशास्त्र : एका पालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि माझा लेख वाचून बी.ए.ला समाजशास्त्र घेणार म्हणते, यावर तुम्ही चिडून लिहिलं आहे. ‘सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी अवघड शब्दांत सांगायच्या, गाइड वाचून पास व्हायचं आणि शेवटी घरी बसायचं, याला शिक्षण म्हणत नाहीत,’ हे तुमचं वाक्य. शिवाय, ‘जातीपातीचं शिकून पोरगी घरात वाद घालायला लागेल,’ हेही. चिडण्यात गैर काही नाही. फी तुम्हीच भरणार आहात.

गाइडचं आधी. ते खरं आहे, समाजशास्त्र शिकवताना मी रोज बघते. आर्ट्‌सला आलेल्या मुलांना ‘सोपा आहे, घेऊन टाक’ म्हणून हा विषय सुचवला जातो. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानातून नोट्स येतात, ‘समाजशास्त्राची व्याख्या सांगून स्वरूप स्पष्ट करा’ हा प्रश्न पडतो आणि मॅकायव्हर-पेज, गिन्सबर्ग या समाजशास्त्रज्ञांच्या व्याख्या घोकलेली मुलं पास होतात. तशी तीन वर्षं वायाच जातात, वाद नाही. पण गाइडच्या जोरावर इतिहास आणि राज्यशास्त्रातही पास होता येतं. त्यावरून विषयाची लायकी ठरवू नका.

माझं भांडण आहे ते ‘सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी’ या शब्दांशी.

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये 25 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. सती, विधवेला पुनर्विवाहाची बंदी, लहान मुलींची लग्नं या चालींबद्दल त्यात लिहिलं आहे, आणि या चाली तेव्हा कुणालाच नवीन नव्हत्या. बाबासाहेबांनी विचारलं ते निराळं : या तिन्ही एकत्रच का नांदतात? जातीबाहेर लग्न करायचं नाही असं एकदा ठरलं, की त्या गटात लग्नाच्या वयातल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा मेला की एक बाई जास्त होते. ती जातीबाहेर लग्न करून कुंपण तोडेल, नाहीतर जातीतल्याच एखाद्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल. मग तिला नवऱ्याबरोबर जाळा, किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली तर पुरुष जास्त होतो, पण पुरुषाला कोण जाळणार? त्याने ब्रह्मचारी राहावं, नाहीतर अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून त्याला बायको द्यावी. झाला बालविवाह. जातीतल्या जातीत लग्न हा जातीचा गाभा आणि या चाली म्हणजे तो टिकवण्याच्या युक्त्या, हे त्या निबंधाचं म्हणणं. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

त्यातल्या चाली त्या काळच्या कुठल्याही आजीला माहीत असणार. हिशेब मात्र आजीने मांडलेला नव्हता. आणि तो एकदा वाचला की वधू-वर मेळाव्याचं पत्रक किंवा लग्न जुळवणाऱ्या साइटवरचा पोटजातीचा रकाना पूर्वीच्या डोळ्यांनी बघता येत नाही. एफवायच्या मुलांना हा निबंध झेपतो. मी वर्गात वाचून घेते, आणि त्या दिवशी मागच्या बाकांवरचे मोबाइल खाली जातात.

दुसरं उदाहरण थोडक्यात देते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखीम यांचा आत्महत्येवरचा 1897 चा ग्रंथ अभ्यासक्रमात असतोच. गाइडमध्ये त्यातले फक्त आत्महत्येचे चार प्रकार उरतात. वर्गात विचारायचा प्रश्न असा की, त्यांचे आकडे आले कुठून? सरकारी नोंदींतून. मग त्या नोंदी कशा होतात? विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांना हे फार समजावावं लागत नाही. शेतकऱ्याने जीव दिला की एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे जिल्ह्याची समिती ठरवते. जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा, सगळ्याचे कागद लागतात. तोंडी घेतलेल्या उसनवारीचा कागद कुठून आणायचा? दुरखीम यांच्यावर पुढे टीका झाली ती याच धर्तीची. नोंद करणारा एखाद्या मृत्यूला काय नाव देतो, त्यावर आकडा उभा असतो. वर्तमानपत्रातला कुठलाही आकडा असा उलटून बघायला शिकणं तुम्हाला निरुपयोगी वाटतं का?

आता नोकरी. नुसत्या बी.ए.वर ‘समाजशास्त्रज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात निघत नाही. प्राध्यापकीचं स्वप्न तर मी कुणालाच दाखवत नाही. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवत मानधनाची वाट बघतात. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), बी.एड. हे रस्ते आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून 500 मार्क असतात आणि समाजशास्त्र तिथे घेता येतं. पण त्या परीक्षेच्या भरवशावर पदवीचा विषय निवडू नये. (पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका तुम्ही बघितल्या असतीलच.)

बाजारात चालेल असं एक काम मात्र हा विषय नीट शिकवतो, ते म्हणजे माणसाला प्रश्न विचारणं. आमची मुलं पहिल्यांदा वस्तीत फॉर्म घेऊन जातात आणि बायकांना विचारतात, ‘काम करता का?’ उत्तर येतं, ‘नाही, घरीच असते.’ फॉर्मवर लिहिलं जातं, गृहिणी. मग मी प्रश्न बदलायला लावते : काल उठल्यापासून काय काय केलंत? आता शेळ्या निघतात, दुसऱ्याच्या रानातली खुरपणी निघते, दुपारचं पिको-फॉल निघतं. 2019 साली देशभर वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण झालं, तेही असंच घरोघर दिवसाचा तपशील विचारून. हे ज्याला जमतं त्याला आरोग्य, पाणी, शेती, अगदी साबण-बिस्किटांच्या मागणीचीही पाहणी करणाऱ्या संस्थांमध्ये काम मिळू शकतं. पगार सुरुवातीला बेताचा असतो, आयटीतल्या भाच्याशी तुलना करू नका. एक्सेल आणि थोडं संख्याशास्त्र जोडीला असेल तर पुढे सरकणं सोपं जातं, म्हणून जमलं तर मायनरला, म्हणजे जोडविषय म्हणून, अर्थशास्त्र घ्यायला सांगा.

राहिला घरातला वाद. तो होईल. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, केंद्राने 2005 मध्ये. तरीही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या का करतात, हा आमच्या टीवायच्या मुलींचा प्रकल्पासाठी आवडता विषय आहे. तुमच्याकडे जमीन असेल तर तयारीत राहा.

विषयापेक्षा कॉलेज तपासा. प्रवेशाआधी समाजशास्त्र विभागात जाऊन विद्यार्थ्यांचे जुने प्रकल्प बघायला मागा. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत, त्यामुळे फायली असायलाच हव्यात. चाळून बघा. सगळ्यांची प्रश्नावली एकसारखी आणि निष्कर्ष इंटरनेटवरून उतरवलेले दिसले, तर दुसरं कॉलेज शोधा. एखाद्या फायलीत कुठल्या वस्तीत गेलो, किती घरांनी दार उघडलं नाही, कोणता प्रश्न विचारल्यावर लोक गप्प झाले, असं लिहिलेलं सापडलं, तर ती फाइल तपासणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटून या. मुलीला बरोबर न्या. आणि दुपारी बाराच्या आत पोहोचा, त्यानंतर विभागात सहसा कुणी सापडत नाही.